केळीचा कंद आणि कपाशीची सरकी

लातूरकडे ऊस लावताना शेतकरी बी पेरत नाही, उसाच्या कांड्यांचे बेणे लावतो. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात अर्धापूरची केळी प्रसिद्ध आहेत. तीही कंदापासूनच लावतात. नवे झाड हुबेहूब जुन्यासारखे येते. आता कपाशी पाहा. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात 'एनएचएच ४४' हे संकरित वाण दिले. अशा संकरित कपाशीची सरकी घरी ठेवून पुढच्या वर्षी पेरली, तर एक झाड उंच, दुसरे बुटके. एकाला बोंडे भरपूर, दुसऱ्याला मोजकीच. म्हणून शेतकऱ्याला हे बियाणे दरवर्षी पैसे मोजून घ्यावे लागते. असे का व्हावे?

कंद वाढतो तो सूत्री विभाजनाने. पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्या प्रत्येक गुणसूत्राची नक्कल तयार होते. मग सर्व गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर येतात आणि मूळ व नक्कल विरुद्ध टोकांना जातात. एका पेशीच्या दोन पेशी होतात. दोन्हींत गुणसूत्रे तितकीच आणि तीच!

फुलात परागकण व बीजांड तयार होताना मात्र अर्धसूत्री विभाजन होते. येथे नक्कल एकदाच होते, पण विभाजन दोनदा. प्रथम नराकडून आणि मादीकडून आलेली सारखी गुणसूत्रे जोडीने शेजारी येतात, काही तुकड्यांची अदलाबदल करतात आणि दूर होतात. दुसऱ्या वेळी नकला वेगळ्या होतात. एका पेशीच्या चार पेशी होतात व प्रत्येकीत गुणसूत्रे निम्मी असतात.

या कपाशीत गुणसूत्रांच्या २६ जोड्या असतात. जोडीतील कोणते गुणसूत्र कोणत्या पेशीत जाईल, ही जणू नाणेफेकच. २६ नाणी फेकली तर ६,७१,०८,८६४ प्रकारचे निकाल संभवतात! तुकड्यांची अदलाबदल आणखी वेगळीच. संकरित झाडातील नेमका मेळ सरकीत मोडतो तो यामुळे.

केळीत गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच असतात, एकूण ३३. तिघांच्या जोड्या नीट कशा लागणार? अर्धसूत्री विभाजन फसते आणि बी धरत नाही.

मग सूत्री विभाजनच चांगले म्हणायचे का? तसे नाही. सारी झाडे एकसारखी असली, की एकाला घातक ठरणारा रोग सगळ्यांनाच घातक ठरतो. नवे वाण शोधायला अर्धसूत्री विभाजनातून येणारी विविधता हवी. सापडलेले जसेच्या तसे टिकवायला सूत्री विभाजन.

शाळेत कांद्याच्या मुळाचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहाल, तेव्हा यांपैकी कोणते विभाजन दिसेल? आधी उत्तर वहीत लिहा आणि मगच पाहा!