भाजल्या मातीतला लिस्टन

ज्या काळी छायाचित्राचा शोध लागलेला नव्हता आणि आवाज साठवून ठेवण्याची युक्ती कोणाच्या स्वप्नातही आलेली नव्हती, त्या काळचा नट रंगमंचावर नेमका कसा उभा राहत असेल, छत्री काखेत मारून तो परक्याच्या दारातून आत डोकावे तेव्हा त्याची मान कोणत्या बाजूला कलत असेल, हात कोठे ठेवावा याची अडचण तो कशी सोडवीत असेल, असल्या निरुपद्रवी प्रश्नांनी मला अनेक वर्षे पछाडलेले आहे. आणि त्यांची उत्तरे शोधताना तत्कालीन नाट्यसमीक्षकांच्या बाडांपेक्षा इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्याच्या कुंभारांनी घडविलेल्या वीतभर उंचीच्या बाहुल्यांचाच मला अधिक उपयोग झाला, हे विधान पंडितांना थिल्लर वाटले तरी माझा नाइलाज आहे.

बर्स्लेम, हॅन्ली, लाँगटन आदी सहा गावांच्या या मुलखातील वेजवुड आणि स्पोड या बड्या घराण्यांची कीर्ती वाचकांच्या कानी असेलच. त्यांच्या सुबक ताटवाट्यांशी मला येथे कर्तव्य नाही. माझे लक्ष वेधले ते गल्लीबोळांतल्या लहान कारखानदारांनी. नाटकाची जाहिरात, दुकानाच्या काचेआड टांगलेले नटाचे रंगीत चित्र किंवा गाण्याच्या चोपडीवरील मुखपृष्ठ हाती लागले की ना लेखकाची परवानगी ना नटाची रजामंदी, अशा बिनदिक्कत वृत्तीने ते साचा कोरायला घेत. विल्यम कूंब या लेखकाने कर्जदारांच्या तुरुंगाच्या हद्दीत दिवस काढीत असताना, रोलंडसन या चित्रकाराकडून दरमहा येणाऱ्या एकेका चित्राला अनुसरून पद्ये जुळविली. त्यांतला निसर्गसौंदर्याच्या शोधात घोड्यावरून हिंडणारा डॉक्टर सिंटॅक्स 1812 च्या ग्रंथानंतर थोड्याच काळात मातीत उतरला. बर्न्सच्या काव्यातला टॅम आणि त्याचा चांभार दोस्त, 1852 नंतर अंकल टॉम आणि त्याच्या मांडीवरची ईव्हा, सफोकमधील ‘लाल कोठारा’तल्या 1827 च्या खुनावर रचलेल्या भडक नाटकांची पात्रे, सर्वांची हीच गत झाली. नावांबाबतही हे लोक निष्काळजी होते. बेंजामिन फ्रँकलिनच्या पुतळीखाली ‘वॉशिंग्टन’ हे नाव सोनेरी अक्षरांत लिहून त्यांनी ती खुशाल विकली.

कृती थोडक्यात सांगतो. प्लास्टरच्या दोन-तीन तुकड्यांच्या साच्यात मातीची पोळी दाबून बसवायची, तुकडे जोडायचे, सांधे पुसायचे, भाजायचे, शिशाची झिलई देऊन पुन्हा भाजायचे आणि रंग भरून तिसऱ्यांदा भट्टीत घालायचे. पोळी दाबणारे हात पुष्कळदा आठ-दहा वर्षांच्या पोरांचे असत. 1841 साली सॅम्युएल स्क्रिव्हन या सरकारी अधिकाऱ्याने त्या मुलखात हिंडून मुलांच्या ज्या जबान्या नोंदविल्या, त्या वाचल्यावर शेकोटीवरील फळी शृंगारणाऱ्या या गोंडस वस्तूंकडे पूर्वीच्या निर्मळ कौतुकाने पाहवत नाही. झिलईच्या पिंपात हात बुडविणाऱ्या कामगारांचे हात शिशाच्या विषाने लुळे पडत, हेही तितकेच खरे.

आता मूळ नायकाकडे वळतो. जॉन लिस्टन (सुमारे 1776–1846) हा प्रथम लंडनच्या एका शाळेत कनिष्ठ मास्तर होता. शोकनाट्यातील धीरोदात्त नायक व्हावे ही त्याची जन्माची हौस, परंतु विधात्याने त्याला गुबगुबीत गाल, वर वळलेले नाक आणि जगातील यच्चयावत गोष्टींबद्दल गंभीर आश्चर्य व्यक्त करणारी अशी काही मुद्रा दिलेली होती की तो रंगमंचावर नुसता उभा राहिला तरी प्रेक्षागृहात खसखस पिकावी. उत्तरेकडे न्यूकासलला स्टीफन केंबलच्या मंडळीत त्याला आपला खरा मार्ग सापडला, 1805 साली तो लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहात आला आणि 1837 साली निवृत्त होईपर्यंत विनोदी नटांचा सम्राट म्हणून नांदला. तरीही अधूनमधून ती जुनी हौस उसळी घेई. स्वतःच्या लाभाच्या प्रयोगाला त्याने एकदा ‘माउंटेनियर्स’ नाटकातील विरहव्याकुळ ऑक्टेव्हियनची भूमिका पत्करली होती.

त्याच्या चरित्राचा शोध घेऊ लागले की प्रारंभीच एक दस्तऐवज आडवा येतो. ‘लंडन मॅगझिन’च्या जानेवारी 1825 च्या अंकात लिस्टनचे एक चरित्र छापलेले आहे. त्यात त्याचे घराणे नॉर्मन सरदारापर्यंत नेऊन भिडविले आहे, मध्येच एक कट्टर धर्मोपदेशक पूर्वज उभा केला आहे, पोरवयातील एकांतवासाचे आणि चित्तभ्रमाचे वर्णन आहे, व्यापाराच्या निमित्ताने अलेप्पोची सफर आहे, आणि अखेरीस शोकनाट्याच्या ऐन करुण प्रसंगी त्याला हसू अनावर होई म्हणून तो विनोदाकडे वळला, असा साळसूद खुलासाही आहे. तपशील इतका काटेकोर आणि स्वर इतका भारदस्त, की वृत्तपत्रांनी तो मजकूर उचलला आणि नाट्यगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या पेनीच्या पत्रकांतही तो प्रमाण चरित्र म्हणून छापला गेला. प्रत्यक्षात त्यातले अक्षरन् अक्षर बनावट होते. लेखक होता चार्ल्स लॅम्ब. ज्या कंपनी सरकारने सातच वर्षांपूर्वी पेशवाई बुडविली होती, तिच्या लंडनमधील दफ्तरात तेहेतीस वर्षे जमाखर्च लिहून या लेखानंतर दोन-तीन महिन्यांतच निवृत्त झालेला हा कारकून. (त्याच इमारतीत टिपू सुलतानाचा तो गोऱ्या शिपायाच्या छाताडावर बसलेला लाकडी वाघ ठेवलेला होता, आणि बंगालच्या सागर बेटावर 1792 साली वाघाने ओढून नेलेल्या मन्रो नावाच्या तरुण अधिकाऱ्याचे मरण बर्स्लेमच्या कुंभारांनीही मातीत घडवून विकले. साहेबाच्या मरणालाही साहेबाच्या देशात गिऱ्हाईक होते.) आपण आजवर मारलेल्या थापांत ही सर्वांत मोलाची, असे लॅम्बने एका स्नेहिणीला मोठ्या अभिमानाने कळविले होते.

लॅम्ब मला प्रिय आहे, पण या एका बाबतीत त्याच्यापेक्षा कुंभार अधिक विश्वसनीय, असा निवाडा मी देतो. कुंभाराला लिस्टनच्या वंशावळीशी काही देणेघेणे नव्हते. मात्र गिऱ्हाइकाने काल तिकीट काढून जो वेष पाहिला तो बाहुलीत न दिसला, तर माल पडून राहील, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून चेहरा ढोबळ निघाला तरी कोट, टोपी, पायांतील अंतर आणि कमरेतला बाक यांबाबत हयगय झाली नाही.

त्याच वर्षी, 13 सप्टेंबर 1825 रोजी, हेमार्केटमध्ये जॉन पूल याचे ‘पॉल प्राय’ रंगमंचावर आले. लिस्टनने वठविलेला पॉल प्राय हा लोकांच्या घरात नाक खुपसणारा रिकामटेकडा. पट्ट्यापट्ट्यांची विजार गुडघ्याखाली बुटांत खोचलेली, डोक्यावर उंच टोपी, आणि मुद्दाम विसरून जाऊन परत येण्याचे निमित्त करण्यासाठी बाळगलेली छत्री. आपण व्यत्यय तर आणीत नाही ना, ही त्याची सलज्ज पृच्छा साऱ्या शहराच्या तोंडी झाली. त्याच्या नावाच्या खानावळी निघाल्या, घोडागाड्या धावू लागल्या. विल्यम हीथ या व्यंगचित्रकाराने सहीऐवजी पॉल प्रायची चिमुकली आकृती काढण्याचा प्रघात पाडला आणि इतरांनी तीच आकृती पळविल्यावर निमूटपणे सोडून दिला. डग्लस जेरॉल्डने 1827 साली कोबर्ग नाट्यगृहासाठी स्वतःचा निराळा ‘पॉल प्राय’ लिहिला. हे पात्र टॉमस हिल नावाच्या ग्रंथसंग्राहकावरून उचलल्याची बोलवा होती. पूलने तिचा इन्कार केला, पण लोकांनी इन्काराला भीक घातली नाही. ज्या पात्राने साऱ्या देशाला हसविले त्याच्या जनकाला उतारवयात हलाखी आली आणि डिकन्सने रदबदली केली तेव्हा कोठे सालीना शंभर पौंडांचे सरकारी वर्षासन मिळाले.

डर्बीच्या आणि यॉर्कशायरमधील रॉकिंगहॅमच्या चिनी मातीत, तसेच स्टॅफर्डशायरच्या साध्या मातीत लिस्टन ज्या नाना रूपांनी उभा आहे, त्यांत पॉल प्राय सर्वांत प्रसिद्ध. परंतु माझे मन रमते ते मॉल फ्लॅगनच्या बाहुलीपाशी. सॅराटोगाला 1777 साली अमेरिकनांपुढे शस्त्रे ठेवणाऱ्या जनरल बर्गॉइनने पुढे लिहिलेल्या संगीतिकेतली ही पलटणीमागून फिरणारी दांडगट बाई लिस्टन लुगड्याचा, म्हणजे तिकडच्या घागऱ्याचा, वेष करून वठवीत असे. 1826 साली तर गायिका मादाम व्हेस्ट्रिसच्या जोडीला तो बव्हेरियन केरसुणीवाली बनून गायला, आणि तीही जोडी मातीत निघाली. सुरुवातीच्या या बाहुल्या चहूबाजूंनी कोरलेल्या आहेत. फिरवून पाहिल्या तर लिस्टनची पाठसुद्धा विनोदी वाटते. 1840 नंतर भिंतीला टेकवून ठेवण्यासाठी सपाट पाठीचा माल निघू लागला, खर्च वाचला, आणि माझ्या मते कला अर्ध्याने घटली.

पण त्या सपाट पाठीच्या पिढीतही एक जोडी अशी आहे की तिच्यापुढे माझी तक्रार लंगडी पडते. ‘पॉल प्राय’ला वीस वर्षे लोटल्यावर, 29 डिसेंबर 1845 रोजी, त्याच हेमार्केटमध्ये शार्लट कुशमन ही अमेरिकन नटी रोमिओ म्हणून आणि तिची धाकटी बहीण सुसान ज्युलिएट म्हणून उभी राहिली. गॅरिक या जुन्या नटाने फिरविलेल्या संहितेत रोमिओ मरण्यापूर्वी ज्युलिएट जागी होते आणि दोघांचा संवाद रंगतो. हा लोकप्रिय प्रसंग रद्द करून शेक्सपियरचीच संहिता हवी, असा आग्रह शार्लटने धरला आणि स्थानिक मंडळींचा रोष ओढवून घेतला. प्रेक्षकांनी मात्र प्रयोग डोक्यावर घेतला. बालगंधर्वांच्या पदराची सळसळ ऐकून धन्य झालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना या उलट्या व्यवहाराचे नवल वाटले नसते. जॉन टॅलिस या प्रकाशकाच्या शेक्सपियर-आवृत्तीतील नटनट्यांच्या चित्रांवरून पुढे बाहुल्यांचा एक अख्खा गट निघाला, त्याला संग्राहकांनी टॅलिसचेच नाव दिले आहे. आणि कुशमन भगिनींची जोडी त्याच सुमारास घरोघरच्या फळ्यांवर चढली. तोवर सुसान 1848 साली लिव्हरपूलच्या जेम्स शेरिडन मस्प्रॅट या रसायनशास्त्रज्ञाशी विवाह करून रंगभूमीवरून निघूनही गेली होती, आणि रोमिओ नव्या ज्युलिएटींबरोबर प्रयोग करीत होता.