फायबर बोटीच्या डेकचा रंग एका हंगामात का सुटतो? टिकतो कोणता?

१ जून ते ३१ जुलै. राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते ते हे ६१ दिवस. नौका किनाऱ्यावर शाकारल्या जातात, इंजिने उघडली जातात, जाळी दुरुस्त होतात आणि नारळी पौर्णिमेच्या आत रंगही उरकायचा असतो. फायबरच्या बोटींची अडचण इथेच सुरू होते. बोट रिकामी असते तेव्हाच हवेत सर्वाधिक दमटपणा असतो आणि डेकवर टिकणाऱ्या रंगांना नेमका तोच चालत नाही.

फायबर कुजत नाही, मग रंग कशाला?

फायबर म्हणजे काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन. त्यावर साच्यातच दिलेला साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा जेलकोट हा बोटीचा खरा रेनकोट. उन्हाने तो खडूसारखा होतो, बोट फिरवले की भुकटी लागते. नांगर आणि बर्फाच्या पेट्या आपटून त्याला बारीक भेगा पडतात.

काचेचे धागे कुजत नाहीत हे खरे. पण डेक ताठ राहावा म्हणून अनेक बोटींत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड किंवा लाकूड घातलेले असते. ते कुजते. पाणी बहुतेक वेळा रंगातून नव्हे, तर कड्या आणि क्लीट बसवलेल्या स्क्रूच्या भोकांतून शिरते. म्हणून रंगाचा डबा उघडण्याआधी छोट्या हातोडीने डेक ठोकून पाहावा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत पोकळ किंवा ओले आहे. तिथे कितीही महाग रंग लावला तरी पाणी आतच कोंडते.

भोके सागरी वापराच्या पीयू सीलंटने बुजवावीत. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही.

चार पर्याय, कोणता घ्यावा?

साधा ऑइलपेंट स्वस्त आहे, लावायला सोपा आहे आणि पायांच्या घासटीने लवकर जातो. तो एका हंगामाचा सौदा.

नवा जेलकोट मूळ थराच्या सर्वांत जवळचा. पण हवा लागली की त्याचा वरचा थर चिकट राहतो, म्हणून शेवटच्या हातात वॅक्सचे द्रावण मिसळावे लागते. शिवाय दुरुस्ती इपॉक्सीने केली असेल तर त्यावर जेलकोट नीट धरत नाही. उलटे मात्र चालते, म्हणजे घासलेल्या जेलकोटवर इपॉक्सी उत्तम बसतो. हा क्रम चुकला की महिन्याभराची मेहनत पापुद्र्यांनी निघते.

पाणी अडवण्यात इपॉक्सी सरस, पण ऊन सोसत नाही. टू-पॅक पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग, ऊन, घासट आणि सांडलेले डिझेल तिन्ही सोसतो. त्यामुळे डेकसाठी सर्वांत भरवशाची जोडी हीच: खाली इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर टू-पॅक पीयूचे दोन हात. खर्च जास्त, पण दरवर्षीचा नाही.

पावसात नेमके काय बिघडते?

पीयूच्या हार्डनरमधील आयसोसायनेटची पाण्याशी अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. रंगात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात, चमक जाते. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो धुऊन आणि घासून काढल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. नियम असा, की सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी आणि डेकचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त हवे. जुलैतल्या कोकणात हे उघड्यावर जमणे कठीण. ताडपत्री पाऊस अडवते, दमटपणा नाही.

मग मार्ग एकच, काम दोन भागांत करायचे. ठोकून पाहणे, कुजलेले प्लाय बदलणे, भोके बुजवणे हे बंदीच्या काळात. रंग मात्र बंद शेडमध्ये, नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हात. ऐन हंगामातले काही दिवस बुडतात, हे खरेच. पण जुलैत लावलेला रंग दिवाळीला सुटला, तर तेही बुडतात आणि रंगाचे पैसेही जातात.

पृष्ठभाग कसा तयार करायचा?

आधी गोड्या पाण्याने मीठ धुवावे. नंतर थिनरच्या फडक्याने वॅक्स आणि तेल काढावे, मगच पॉलिश पेपर. अनेक जण आधी घासतात आणि वॅक्स आणखी आत रगडले जाते. इपॉक्सीखाली ८० ते १२० नंबरचा पेपर पुरतो. डेक सुकला का हे पाहायला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून थेंब दिसले तर थांबावे.

डेक चकचकीत करू नये, ओल्या पायांना तो घातक ठरतो. पीयूच्या पहिल्या ओल्या हातावर कोरडी सिलिका वाळू शिंपडावी, सुकल्यावर सुटी वाळू झाडून दुसरा हात द्यावा. किनाऱ्यावरची वाळू फुकट असली तरी नको. तिच्यातले मीठ ओलावा ओढते आणि रंगाखाली फोड येतात. छटा फिकट राखाडी बरी, गडद डेक दुपारी पाय भाजतो.

पीयू ब्रश किंवा रोलरनेच लावावा. फवाऱ्यातले आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक असते, तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही.

हाताला रंग दुसऱ्या दिवशी सुकलेला वाटतो. पूर्ण पक्का व्हायला साधारण ७ दिवस लागतात, तोवर डेकवर नांगर आणि बर्फाच्या पेट्या ठेवू नयेत.