हॉलिवूडच्या तिकिटातून फ्रेंच सिनेमा

10.72 टक्के. फ्रान्समध्ये सिनेमाचं तिकीट काढलं की त्यातली एवढी रक्कम चित्रपटांसाठी राखून ठेवलेल्या निधीत जमा होते. 10 युरोंच्या तिकिटातून 1 युरो 7 सेंट. पडद्यावर फ्रेंच सिनेमा असो, जपानी असो की हॉलिवूडचा, दर तोच. हा निधी सांभाळते 1946 मध्ये स्थापन झालेली ‘सीएनसी’ ही राष्ट्रीय संस्था.

या कराचं मूळ एका नामुष्कीत आहे. मे 1946 मध्ये युद्धाने खंगलेल्या फ्रान्सने कर्जमाफी आणि नव्या कर्जाच्या बदल्यात अमेरिकेशी करार केला. दर तिमाहीत फक्त 4 आठवडे चित्रपटगृहं फ्रेंच सिनेमासाठी राखीव राहिली. उरलेले 9 आठवडे बाजार मोकळा. युद्धकाळात अडलेले अमेरिकी चित्रपट मग लोंढ्याने आले. जानेवारी 1948 मध्ये कलाकार आणि तंत्रज्ञ पॅरिसच्या रस्त्यावर उतरले आणि त्याच सप्टेंबरात तिकिटावरच्या कराचा कायदा झाला. कायद्यात मदत ‘तात्पुरती’ होती. ती आजही सुरू आहे.

खरी गंमत आहे ती परताव्यात. प्रत्येक फ्रेंच निर्मात्याचं सीएनसीकडे खातं असतं. त्याच्या चित्रपटाचं तिकीट खपलं की नियमानुसार त्यात रक्कम जमा होते. पण ती घरी नेता येत नाही, पुढच्या चित्रपटातच घालावी लागते. विदेशी चित्रपटाच्या तिकिटावरही कर भरला जातो, त्याच्या निर्मात्याला मात्र या खात्यातून काही मिळत नाही. 2024 मध्ये फ्रान्समध्ये सुमारे 18.1 कोटी तिकिटं विकली गेली, त्यांतली 44 टक्के फ्रेंच चित्रपटांची. एकूण गल्ला 130 कोटी युरोंच्या आसपास धरला तर कर होतो साधारण 14 कोटी. त्यातला निम्म्याहून अधिक विदेशी चित्रपटांच्या प्रेक्षकांनी भरलेला. तरीही चित्रपटगृहांचे मालक कुरकुरत नाहीत, कारण कोणत्याही देशाच्या सिनेमाचं तिकीट विकलं तरी त्यांच्या वाट्याला पडदा, खुर्च्या, यंत्रं सुधारायला पैसे येतात. देशात 6,000 हून जास्त पडदे टिकून आहेत, त्यामागे हेही एक कारण आहे.

पहिला चित्रपट करणाऱ्याच्या खात्यात अर्थातच शिल्लक नसते. त्यासाठी आंद्रे मालरो सांस्कृतिक मंत्री असताना, 1959 मध्ये, दुसरी वाट काढली गेली: समिती पटकथा वाचते आणि बिनव्याजी उचल देते. चित्रपट चालला तर ती फेडायची.

आज मात्र तिकिटांपेक्षा मोठा वाटा टीव्हीवरच्या करांचा आहे. नेटफ्लिक्स, यूट्यूबसारख्या परदेशी कंपन्या 2017 मध्ये 2 टक्क्यांच्या कराखाली आल्या; 2020 पासून दर 5.15 टक्के झाला. शिवाय जुलै 2021 पासून मोठ्या स्ट्रीमिंग कंपन्यांना फ्रान्समधल्या उलाढालीचा 20 ते 25 टक्के भाग फ्रेंच आणि युरोपीय निर्मितीत गुंतवावा लागतो. ही रक्कम निधीत जात नाही, कंपनी ती स्वतः खर्च करते.

दोषही आहेत. वर्षाला 300 च्या आसपास चित्रपटांना मान्यता मिळते आणि त्यांतल्या कितीतरींना प्रेक्षकच लाभत नाही. निधी भरलेला दिसला की सरकारचाही हात तिकडे वळतो. 2025 च्या अर्थसंकल्पात सीएनसीच्या गंगाजळीतून जवळपास 50 कोटी युरो काढून घेण्यात आले.

मराठी सिनेमाची अडचण फ्रेंच सिनेमासारखीच, फक्त हॉलिवूडच्या जागी मुख्यतः हिंदी. उपाय मात्र उलटा. आपल्याकडे दर्जा ठरवून सरकारी अंदाजपत्रकातून अनुदान मिळतं: बरीच वर्षं ‘अ’ दर्जाला 40 लाख, ‘ब’ दर्जाला 30 लाख. या रकमेचा हिंदीच्या गल्ल्याशी काही संबंध नाही. 200 रुपयांच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 36 रुपये. त्यातले 18 राज्याचे आणि त्यातला एक रुपयाही सिनेमासाठी राखीव नाही. 2017 पूर्वी करमणूक कराच्या सवलतीमुळे मराठी तिकीट स्वस्त पडायचं, जीएसटीने तेही गेलं. अनुदान वाढवा, ही दरवर्षीची मागणी मला म्हणूनच अपुरी वाटते. हिंदीचा गल्ला वाढला की मराठीचा निधी आपोआप वाढेल, अशी सांधेजोड हवी.

कायदा आडवा येतो असं म्हणावं, तर जीएसटीनंतरही स्थानिक स्वराज्य संस्थांना करमणूक कर लावता येतो. तामिळनाडूने ती वाट वापरली आहे. शेजारच्या कर्नाटकाने 2024 मध्ये चित्रपट आणि सांस्कृतिक कलावंतांच्या कल्याणासाठी चित्रपटाच्या तिकिटांवर आणि ओटीटी वर्गणीवर 1 ते 2 टक्के उपकराची तरतूद केली. 200 च्या तिकिटावर ते 2 ते 4 रुपये होतात. महाराष्ट्रात हिंदी, इंग्रजी, तेलुगू, सगळ्याच तिकिटांवर एवढा उपकर लावून तो मराठी निर्मात्यांच्या खात्यात पुढच्या चित्रपटासाठी टाकायचा, असा मसुदा विधिमंडळात यायला हवा.