डेटाबेसमधील बहुओळी मजकुराचे विभाजन

एकाच रकान्यात अनेक ओळींचा पत्ता साठविलेला असल्यास गावनिहाय शोधासाठी त्या ओळी विलग करणे आवश्यक ठरते. विंडोज प्रणालीत ओळीचा शेवट १३ व १० या आस्की संकेतांकांच्या दोन अदृश्य चिन्हांनी, तर युनिक्समध्ये केवळ १० ने दर्शविला जातो. एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून उपलब्ध असलेले ‘स्ट्रिंग_स्प्लिट’ हे फंक्शन मात्र विभाजक म्हणून एकच चिन्ह स्वीकारते. केवळ १० वर विभाजन केल्यास १३ हे चिन्ह गावाच्या नावामागे उरते. परिणामी सारखी दिसणारी दोन नावे तुलनेत भिन्न ठरतात व नोंद सापडत नाही. म्हणून प्रथम ‘रिप्लेस’द्वारे १३ वगळून नंतरच विभाजन करावे. ओळींचा क्रम टिकविण्यासाठी २०२२ च्या आवृत्तीपासून अनुक्रमांकाचा पर्याय उपलब्ध आहे. सारांश, अदृश्य चिन्हांचे शुद्धीकरण ही अचूक विभाजनाची पूर्वअट होय.