मिस्सेतला द्राक्षारस आणि ‘त्यांच्या धर्मातच आहे’

‘त्यांचं काय, त्यांना चर्चमध्येच पाजतात. धर्मातच आहे त्यांच्या!’ दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या अगदी शेजारच्या इमारतींतली शिकली-सवरलेली माणसं ख्रिस्ती लोकांच्या पिण्याबद्दल हे बोलतात, तेव्हा चीड येते. 1596 पासून हे चर्च तिथे आहे. इतक्या वर्षांच्या शेजारात आत काय चालतं, एवढं तरी विचारायचं.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर चषकात थोडा द्राक्षारस, म्हणजे वाइन, ओततात, त्यात पाण्याचे थेंब टाकतात आणि प्रार्थनेनंतर तो स्वतः घेतात. रांगेतल्या भाविकांना बहुतेक वेळा मिळते ती फक्त ओस्ती, गव्हाची कागदासारखी पातळ चकती. झिंग येणार कशाने? कॅथलिक धर्मसंहितेच्या 924 व्या कलमानुसार हा द्राक्षारस निव्वळ द्राक्षांचा हवा, बिघडलेला चालत नाही. एखाद्या फादरना मद्य वर्ज्य असेल, तर आंबण्याची क्रिया रोखलेला रस वापरायची परवानगी मिळू शकते, हे रोमच्या 2003 च्या पत्रात स्पष्ट आहे. अनेक प्रोटेस्टंट चर्चेसमध्ये तर साधा द्राक्षांचा रसच असतो. आणि पिऊन धुंद होण्याचा नवा करार निषेधच करतो. इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडून बघा.

कायद्याचंही तेच. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात धार्मिक विधीच्या मद्यासाठी वेगळं कलम आहे. सवलत विधीला आहे, समाजाला नाही.

ख्रिस्ती म्हणजे पिणारा, हा समज पक्का केला हिंदी सिनेमाने. ‘अमर अकबर अँथनी’तला आरशाशी बोलणारा झिंगलेला अँथनी सगळ्यांना पाठ आहे. दारूबंदीच्या काळातल्या चोरट्या गुत्त्यांची, ‘आंटीच्या अड्ड्यां’ची आठवणही लगेच निघते. तिथे पिणारे मात्र सगळ्या धर्मांचे होते, हे कुणी सांगत नाही.

ज्यूंबद्दलही असंच बोलतात. आपल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली घरांत शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशच्या प्रार्थनेला मनुकांचं सरबत करतात: मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या.

हिंदूंमध्येही धर्माचा असाच आधार घेतात. लालबाग-परळात आषाढ अमावास्येला पिताना ‘गटारीला शास्त्र आहे’ म्हणतात. पंचांगात त्या दिवशी दीपपूजन आहे, बाटली नाही.

आणि सोमरस म्हणजे दारू? वेदांत सोम आणि सुरा वेगळे आहेत. सोम पिळून सहसा त्याच दिवशी अर्पण करायचा, आंबायला फारसा वेळच नाही.

सोसायटीत कुणी ‘ते लोक पितात’ म्हणून ख्रिस्ती भाडेकरूला जागा नाकारायला लागला, तर गप्प बसू नका. त्याला तिथेच अडवा.