भरती तोंडावर, गोंदण दंडावर

खानदेशात यात्रेला जाऊन गोंदून येणं नवं नाही. आजीच्या हातावर तुळशीवृंदावन, आजोबांच्या मनगटावर स्वतःचं नाव. नातवाच्या दंडावर मात्र लाल-हिरवा वाघ. त्याची अडचण कळते ती सैन्यभरतीचा अर्ज भरताना. कायमचं गोंदण चालतं ते कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवर; दंडावर नाही. आदिवासी उमेदवारांना जमातीच्या रूढीप्रमाणे सवलत आहे, त्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल-पावरा मुलांची पारंपरिक गोंदणं त्यात बसतात. बाकीच्यांना लेसर आठवतो.

लेसर शाई पुसत नाही, फोडतो. शाई त्वचेच्या आतल्या थरात असते. तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी तिचे कण गिळतात, पण कण मोठे असल्याने ते हलवता येत नाहीत. पेशी मेली की दुसरी पेशी तेच कण उचलते, असं 2018 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. क्यू-स्विच्ड लेसरचा झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच पडतो. आजूबाजूची त्वचा तापायच्या आत कण तापून फुटतो, आणि मग तो बारीक चुरा शरीर लसिकावाहिन्यांतून हळूहळू वाहून नेतं.

झोत पडताच गोंदण पांढरं फटक पडतं. पेशंट हरखतो. ते असतात वायूचे बुडबुडे. अर्ध्या तासाच्या आत काळं पुन्हा दिसू लागतं! खरा फिकेपणा यायला आठवडे जातात. म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा-आठ आठवडे सोडतात, आणि सिटिंग अनेक लागतात. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करून उपयोग नाही, वर्षभर आधीच सुरुवात करावी लागते.

गंमत अशी, की आजीचं काजळीचं गोंदण त्यामानाने लवकर जातं. काळा रंग 1064 नॅनोमीटरचा प्रकाश छान शोषतो. लाल रंगाला 532 लागतो, हिरव्याला 694 किंवा 755. म्हणजे नातवाचा महागडा रंगीत वाघच जास्त चिवट. पांढरी किंवा त्वचेच्या रंगाची शाई तर लेसरने उलट काळवंडू शकते.

आपल्या सावळ्या कातडीचाही प्रश्न आहे. तिच्यातलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं; चुकीचा लेसर पडला तर पांढरे चट्टे उठतात. 1064 त्यातल्या त्यात सुरक्षित. उन्हाने रापलेल्या कातडीवर धोका वाढतो, आणि मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या घरात असतो. शेतात किंवा मैदानात दिवस काढणाऱ्या पोरांनी दिवाळीनंतर सुरुवात केलेली बरी, तीही त्वचारोगतज्ज्ञाकडे.

घाईला आलेले काही जण बिब्बा नाहीतर ॲसिड लावून बघतात. त्याने कातडी भाजते, शाई मात्र बऱ्याचदा खालीच राहते. वर जाड व्रण धरला, की नंतर लेसरच्या सिटिंगही वाढतात.