शैवालाची भित्तिका आणि आतील प्रथिन



गेल्या पंधरवड्यात मंदाग्नीचे एक शाकाहारी रुग्ण हिरव्या गोळ्यांची डबी घेऊन आले. "वैद्यराज, यात साठ टक्के प्रथिने आहेत म्हणे, सुरू करू का?" हा प्रश्न आपणांपैकी अनेकांना विचारला जात असेल. आकड्याकडे मागाहून वळू. परंतु पेशीत असलेले प्रथिन आणि जाठराग्नीच्या वाट्यास येणारे प्रथिन यांमध्ये एक भिंत उभी असते.

बाजारात प्रामुख्याने दोन सूक्ष्मशैवाले आढळतात. स्पिरुलिना वस्तुतः जिवाणुवर्गातील असून तिची भित्तिका पातळ व सेल्युलोजविरहित असते. क्लोरेलाची अवघ्या २ ते १० मायक्रॉन व्यासाची गोल पेशी मात्र चिवट कवचात बंदिस्त असते, आणि ते कवच पचविणारे पाचकद्रव्य मानवी शरीर निर्माण करीत नाही.

म्हणून ती यंत्राने फोडावी लागते. 'बीड मिल' हे आपल्या खलाचेच दूरचे भावंड. एक मिलिमीटरहून लहान असे काचेचे वा झिर्कोनियाचे मणी ओल्या लगद्यासह वेगाने फिरविले जातात व त्यांच्यामध्ये सापडून पेशी चिरडल्या जातात. मर्दन जितके अधिक तितके उत्तम, हा आपला संस्कार येथे लागू पडत नाही. घर्षणाच्या उष्णतेने प्रथिने बिघडतात, म्हणून पात्राभोवती थंड पाणी खेळवितात. शिवाय अतिमर्दनाने भित्तिकेचे तुकडे इतके बारीक होतात की प्रथिनद्रवातून ते वेगळे काढणे दुष्कर होते. दुसऱ्या पद्धतीत प्रचंड दाबाखाली लगदा अरुंद फटीतून पुनःपुन्हा दवडतात. विजेच्या स्पंदांनी पेशीपटलास छिद्रे पडतात खरी, परंतु भित्तिका अभंग राहून मोठी प्रथिने आतच अडकतात.

स्पिरुलिनाचा प्रत्यय स्वतःच्या चिकित्सालयातही घेता येतो. चूर्ण थंड पाण्यात रात्रभर भिजवून वरची निवळी गाळावी. पाणी निळे दिसते. तो वर्ण फायकोसायनिन या प्रथिनाचा. तेच पाणी उकळले असता निळाई लोपते. काढा करण्याचा मोह टाळलेला बरा!

आता आकडा. प्रथिन बहुधा नत्र मोजून व त्यास ६.२५ ने गुणून काढतात. शैवालातील काही नत्र प्रथिनेतर असल्याने गुणक ५ च्या आसपास धरणे अधिक योग्य. तसे केल्यास साठाचे अठ्ठेचाळीस होतात.

त्या डबीवर क्लोरेला असे नाव होते. भित्तिका फोडलेली आहे किंवा नाही, याचा उल्लेख मात्र कोठेही नव्हता. उत्पादकास पत्र धाडले आहे. उत्तर येईपर्यंत रुग्णास मुगाचे कढण सांगितले आहे.